अतिरेकी हल्ल्यानंतर सरकारकडून सभागृहात उत्तर कसं मिळवायचं

हल्ला झाला की पहिल्या आठवड्यात सगळेच बोलतात. रुग्णालयाच्या दारात, घटनास्थळी, विमानतळावर, जिथे माईक पुढे येईल तिथे. ते बोलणं हवेत विरतं. विधानसभेत, विधान परिषदेत किंवा संसदेत उच्चारलेलं वाक्य मात्र प्रतिवेदक शब्दन् शब्द उतरवून घेतात. त्यातल्या आश्वासनामागे एक समिती लागते, आणि सभागृहाची दिशाभूल केली तर मंत्र्यावर हक्कभंगाची सूचना येऊ शकते. म्हणून हल्ल्यानंतर कुणी मला विचारलं की, ‘ताई, आता आम्ही काय करायचं?’, तर माझं पहिलं सांगणं असतं: सरकार सभागृहात काय बोललं ते शोधा. बोललंच नसेल तर बोलायला लावा.

कोकण किनाऱ्यावरच्या एका मतदारसंघातल्या आमदारांकडे मी तेवीस वर्षं स्वीय सहायक होते. प्रश्न लिहिणं, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) टाईप करणं, उत्तरांच्या फायली लावणं हे माझं काम. २६ नोव्हेंबर २००८ नंतरची दोन-तीन वर्षं मी याच एका विषयामागे होते, कारण ते दहा जण समुद्रावाटे आले होते आणि आमचं गाव समुद्रावरच आहे. तेव्हा जे शिकले ते इथे लिहिते आहे. नव्या सहायकांना, वार्ताहरांना आणि ज्यांच्या घरातलं माणूस अशा हल्ल्यात गेलं आहे त्यांना उपयोग व्हावा.

सुरुवात वहीपासून करा. साधी दोनशे पानी वही. डाव्या पानावर बाहेर झालेली घोषणा, उजव्या पानावर सभागृहात झालेलं निवेदन, दोन्हींच्या तारखा. बहुतेक वेळा उजवं पान रिकामं राहतं, आणि नेमकं काय मागायचं ते त्या रिकाम्या जागाच सांगतात. माझ्या वहीत २६/११ चं उजवं पान असं आहे: ११ डिसेंबर २००८, लोकसभेत मुंबई हल्ल्यावर चर्चा, नवे गृहमंत्री पी. चिदंबरम बोलले. त्याच महिन्यात राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातली दुरुस्ती, लोकसभेत १७ तारखेला, राज्यसभेत १८ ला. ३० डिसेंबर, राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची दोन सदस्यांची चौकशी समिती नेमली. एप्रिल २००९, समितीने अहवाल दिला. जून २००९, विधिमंडळात फक्त कृती अहवाल ठेवला. डिसेंबर २००९, नागपूर अधिवेशन, मूळ अहवाल पटलावर, म्हणजे सभागृहापुढे.

एप्रिल ते डिसेंबर हे अंतर पाहा. सरकारने काय केलं हे जूनमध्ये आमदारांच्या हाती आलं, पण समितीने काय म्हटलं ते वाचायला डिसेंबर उजाडावा लागला. उत्तरपत्रिका आधी आणि प्रश्नपत्रिका सहा महिन्यांनी, असा तो प्रकार होता. दारूगोळ्याअभावी शीघ्र प्रतिसाद पथकांचा गोळीबाराचा सराव थांबला होता, संकटकाळासाठी लिहून ठेवलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती, या गोष्टी अहवालात होत्या. मूळ अहवाल हाती नसताना कृती अहवालावर नेमका प्रश्न विचारायचा तरी कसा?

हे घडू शकलं ते एका कागदामुळे, आणि प्रत्येक हल्ल्यानंतर तो कागद मी सर्वांत आधी मिळवते. चौकशी नेमल्याचा आदेश. तो मिळाला की एकच ओळ शोधायची: ‘चौकशी आयोग अधिनियम, १९५२’ हे शब्द त्यात आहेत का?

असतील, तर कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. त्या अधिनियमाच्या कलम ३ च्या पोटकलम ४ नुसार, आयोगाने अहवाल दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो, केलेल्या कार्यवाहीच्या ज्ञापनासह (म्हणजे लेखी टिपणासह), संसदेच्या किंवा राज्याच्या विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो. अहवाल आणि ज्ञापन, दोन्ही एकत्र. आपल्याकडचं ठळक उदाहरण श्रीकृष्ण आयोगाचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींसाठी तो नेमला होता, पुढे १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषयही त्याच्याकडे आला. न्यायमूर्तींनी १६ फेब्रुवारी १९९८ ला अहवाल दिला आणि ६ ऑगस्टला तो विधिमंडळात आला. तेव्हाच्या सरकारला त्यातले बरेच निष्कर्ष मान्य नव्हते आणि ज्ञापनात तसं लिहिलंही. तरी अहवाल ठेवावा लागला. मान्य असो वा नसो, तो लोकांना वाचायला मिळाला. कायद्याची ताकद एवढीच आहे, पण तेवढी पुष्कळ आहे.

ही तरतूद मोडायचाही प्रयत्न झाला होता. १९८६ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून, देशाच्या सुरक्षेसारख्या कारणासाठी अहवाल सभागृहापुढे न ठेवण्याची मुभा सरकारने घेतली. पाठीमागे इंदिरा गांधींच्या हत्येच्या चौकशीचा ठक्कर आयोगाचा अहवाल होता. १९९० मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली. कुणी तुम्हाला ‘सुरक्षेच्या कारणास्तव आयोगाचा अहवाल ठेवता येत नाही’ असं सांगितलं, तर ही दोन सालं त्यांच्यापुढे ठेवा.

आदेशात ते शब्द नसतील, नुसता शासन निर्णय असेल, तर सहा महिन्यांची मुदत लागू होत नाही. प्रधान समिती तशीच होती. तिला साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचा अधिकार नव्हता आणि तिचं काम मुंबई पोलिसांनी हल्ला कसा हाताळला एवढ्यापुरतं होतं. केंद्राच्या गुप्तचर यंत्रणा तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. म्हणून आदेश निघण्याआधीच, पहिल्या दोन-तीन दिवसांत, मागणी नीट शब्दांत करा. ‘उच्चस्तरीय चौकशी करा’ म्हणू नका. ‘चौकशी आयोग अधिनियम, १९५२ अन्वये आयोग नेमा’ असं म्हणा. विधिमंडळाने, किंवा केंद्राच्या बाबतीत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी, तसा ठराव केला तर आयोग नेमणं सरकारवर बंधनकारक होतं. बहुमत सरकारचंच असल्याने असा ठराव सहसा होत नाही हे मी जाणून आहे. तरी मागणी त्याच शब्दांत नोंदवून ठेवावी.

आता प्रश्न कुठे विचारायचा. इथे नवे लोक हमखास चुकतात. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतले विषय. त्यामुळे पोलिसांबद्दल लोकसभेत विचारलंत तर ठरलेलं उत्तर येतं: राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे हा राज्याचा विषय आहे. विधानसभेत गुप्तवार्तेबद्दल विचारलंत तर उत्तर येतं की ही बाब केंद्र शासनाशी संबंधित आहे. दोन्ही उत्तरं खरी असतात आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. उपाय असा की हल्ल्याच्या प्रसंगाचे तुकडे करायचे. छत्रपती शिवाजी टर्मिनसचंच घ्या, पन्नासहून अधिक माणसं तिथे मारली गेली. त्या स्थानकातले लोहमार्ग पोलीस राज्याचे, रेल्वे सुरक्षा दल रेल्वे मंत्रालयाचं. दारावरचे धातुशोधक कुणी बसवले, बंदूकधारी शिपाई कुणाचे, पहिला निरोप कुणाला गेला, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि वेगवेगळ्या सभागृहांत जातात. समुद्राचंही तसंच: किनाऱ्यालगत राज्याचे सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, त्यापुढे नौदल. आमदारांकडून एक प्रश्न, त्याच भागातल्या खासदारांकडून दुसरा, एकाच आठवड्यात. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की मधली फट आपोआप दिसते.

प्रश्न लिहिण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळं त्यावर आहे. विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं त्याचा, साचा ठरलेला. ‘सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ असं डोकं, मग ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’, पुन्हा ‘असल्यास’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ हा साचा दिसायला निरुपद्रवी आहे. पण पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं की खालच्या सगळ्या ‘असल्यास’ला ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहून विभाग मोकळा होतो.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. हल्ल्यानंतर किनाऱ्यावर गस्तीसाठी नव्या नौका आल्या. काही काळाने आमच्या गावातले एक वयस्कर कोळी कार्यालयात येऊन बसले. म्हणाले, ‘ताई, त्या बोटी जेट्टीला बांधून ठेवल्यात. वर ताडपत्री. समुद्रात आम्हीच जातो, आम्हाला तरी त्या कुठे दिसत नाहीत.’ मी प्रश्न टाकला: गस्तीच्या नौका बंद अवस्थेत आहेत, हे खरे आहे काय? उत्तर आलं: हे खरे नाही. दोन, तीन, चार: प्रश्न उद्भवत नाही. संबंधित विभागाने खोटं लिहिलं नव्हतं. एक नौका चालू होती. मी ‘नौका बंद आहेत’ लिहिलं होतं, आणि एक जरी चालू असली तरी ते विधान पडतं. काकांना तो कागद दाखवताना मला मान वर करवेना.

पुढच्या अधिवेशनाला तोच प्रश्न नव्याने लिहिला. ‘आहे काय’ हा सांधाच काढला. मंजूर नौका किती, प्रत्यक्ष किती, मागच्या बारा महिन्यांत प्रत्येक नौका समुद्रात किती तास होती, डिझेलवर खर्च किती, खलाशांची आणि तांडेलांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, देखभालीचा करार कोणत्या तारखेला संपला. यातल्या एकालाही ‘हे खरे नाही’ असं उत्तर देता येत नाही. आकडा द्यावा लागतो. उत्तराला जोडपत्र आलं, आणि समुद्रातल्या तासांच्या रकान्यावर नुसती नजर टाकली तरी ताडपत्रीची गोष्ट कळत होती.

तेव्हापासूनचा माझा नियम: मत विचारू नका, तारीख, संख्या, पद आणि पैसा विचारा. इशारा मिळाला होता का, असं विचारलंत तर ‘ही माहिती गोपनीय आहे’ हे उत्तर तयार असतं. इशारा पोहोचल्यानंतर तो पुढे पाठवण्याची लेखी पद्धत कोणत्या तारखेपासून अमलात आहे, असं विचारलंत तर बोलावं लागतं. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे दुसरं तयार उत्तर. आरोपीने काय केलं हे न्यायालयाचं काम, त्यात सभागृह पडत नाही आणि पडूही नये. पण बुलेटप्रूफ जाकिटं कोणत्या दर्जाची होती, सराव कधी बंद पडला, जखमींना मदत कधी मिळाली, हे कुठल्याही खटल्यात न्यायप्रविष्ट नसतं. कसाबचा खटला चालू असतानाच प्रधान समितीचा अहवाल नागपूरला पटलावर आला होता, हे लक्षात ठेवा.

मदतीचा उल्लेख आला म्हणून सांगते, हा प्रश्न विसरू नका. दहशतवादी हिंसेत बळी पडलेल्या नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्राची योजना १ एप्रिल २००८ पासून आहे. आधी ३ लाख रुपये होते, २०१६ मध्ये ५ लाख झाले. राज्याची मदत वेगळी. किती अर्ज आले, किती मंजूर, किती प्रलंबित आणि कोणत्या कागदासाठी, हे जिल्हानिहाय विचारायचं. अशा उत्तरांची वाट पाहणारी माणसं आमच्या कार्यालयाच्या बाकावर बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना भाषण नको असतं, फाईल कुठल्या टेबलावर अडली आहे तेवढं कळलं तरी पुरे असतं.

तातडीच्या वेळी लक्षवेधी सूचना द्या. मोठी चर्चा हवी असेल तर विधानसभेत नियम २९३, परिषदेत नियम २६० अन्वये प्रस्ताव. संसदेत एक बारकावा आहे. मंत्र्याने आपणहून निवेदन केलं तर लोकसभेत नियम ३७२ प्रमाणे त्या वेळी प्रश्न विचारता येत नाहीत, राज्यसभेत मात्र सदस्य खुलासे मागू शकतात. त्यामुळे नेमकं काही विचारायचं असेल तर राज्यसभेतल्या सदस्याला आदल्या दिवशी टिपण पोहोचवा. टिपण एका पानाचं, तीन मुद्द्यांचं. चौथा मुद्दा कुणी वाचत नाही.

सभागृह चालू नसेल तर? पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला २६ जण मारले गेले, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातले. संसदेचं अर्थसंकल्पी अधिवेशन त्याच महिन्याच्या ४ तारखेला संपलं होतं. २४ एप्रिलला सर्वपक्षीय बैठक झाली. लोकसभेत चर्चा सुरू झाली ती २८ जुलैला, म्हणजे तीन महिन्यांनी. सर्वपक्षीय बैठक वाईट असं मी म्हणत नाही, पण तिथल्या बोलण्याची सभागृहासारखी नोंद होत नाही, त्यातलं आश्वासन कोणत्याही समितीकडे जात नाही. माझ्या वहीत ती डाव्या पानावर जाते. अशा मधल्या काळात पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न लिहून तयार ठेवायचे. लोकसभेच्या प्रश्नाला पूर्ण पंधरा दिवसांची सूचना लागते, आणि अधिवेशन जाहीर झाल्यावर लिहायला बसलात तर पहिला आठवडा हातचा जातो.

उत्तर आलं की काम संपत नाही, खरं काम तिथून सुरू होतं. लाल पेन घ्या आणि उत्तरातल्या भविष्यकाळी क्रियापदांखाली रेघ ओढा. ‘तपासून पाहण्यात येईल’, ‘माहिती पटलावर ठेवण्यात येईल’, ‘विचाराधीन आहे’. ही सभागृहाच्या भाषेत आश्वासनं आहेत. संसदेत ती तीन महिन्यांत पुरी करायची असतात, मुदतवाढ मागायची तर शासकीय आश्वासन समितीकडे जावं लागतं. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. माझ्या अनुभवात आमदार प्रश्न विचारतात, टीव्हीवर दिसतात आणि आश्वासनाचा पाठपुरावा कुणीच करत नाही. तुम्ही करा. समितीला पत्र लिहिताना अधिवेशन, तारीख, प्रश्न क्रमांक आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. आपल्या शब्दांत सांगितलंत तर ‘असे आश्वासन दिल्याचे आढळून येत नाही’ असं उत्तर येतं.

हल्ल्याचा गलबला शमल्यावर, कधी काही महिन्यांनी तर कधी दोन-तीन वर्षांनी, आणखी दोन दारं उघडतात, तिकडे लक्ष ठेवा. एक, भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक. त्यांचे अहवाल संसदेत आणि विधिमंडळात ठेवणं ही घटनेचीच आज्ञा आहे, अनुच्छेद १५१. तटरक्षक दलाच्या कामगिरीवर त्यांचा २०११-१२ चा अहवाल क्रमांक ७ आहे. तो वाचा, प्रश्न कसे काढायचे ते त्यातून शिकता येतं. दुसरं, संसदेची गृह खात्याची स्थायी समिती. ३१ सदस्य, लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. जानेवारी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर याच समितीने मे महिन्यात अहवाल दिला आणि इशारा मिळूनही हवाई तळ का राखता आला नाही, असं सरकारला सरळ विचारलं. सगळ्या पक्षांचे खासदार एका टेबलाशी बसून, कॅमेरा नसताना, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात तेव्हा जे बाहेर येतं ते भर सभागृहात येत नाही.

एक उणीव मला अजून टोचते. राष्ट्रीय तपास संस्थेच्या कायद्यात, हल्ल्यानंतर इतक्या दिवसांत संसदेला अहवाल द्या, असं कलम नाही. गुप्तचर विभाग आणि ‘रॉ’ यांच्यावर तर संसदेची देखरेख समितीच नाही. २०११ मध्ये एका खासदारांनी तशी सोय करणारं अशासकीय विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणून आपल्याला हे असं प्रश्नाप्रश्नाने, तुकड्यातुकड्याने मिळवावं लागतं. माझ्या मते, ठरावीक मुदतीत सभागृहापुढे लेखी अहवाल, गोपनीय भाग वगळून, हा नियम प्रत्येक हल्ल्यानंतर आपोआप लागू व्हायला हवा. मेलेल्यांच्या घरच्यांनी त्यासाठी खेटे घालायची वेळ येऊ नये.

तुम्ही कुणाचे सहायक नसाल, साधे नागरिक असाल, तरी अडत नाही. प्रश्न वर सांगितल्यासारखा लिहून आपल्या आमदारांना आणि खासदारांना द्या. तयार प्रश्न मिळाला तर बरेच जण आनंदाने घेतात, कारण त्यांच्याकडे लिहायला माणूस कमी असतो. विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे, संसदेत याचिका समिती. माहिती अधिकारात गुप्तचर विभाग, ‘रॉ’ आणि राष्ट्रीय तपास संस्था कलम २४ खाली वगळलेल्या आहेत, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडून. तिथे डोकं आपटू नका. त्याऐवजी मंत्रालयातल्या विभागाकडे अर्ज करा: अमुक समितीचा अहवाल शासनाला कोणत्या तारखेला मिळाला, विधिमंडळात कोणत्या तारखेला ठेवला, अमुक आश्वासनाची सद्यःस्थिती काय. तारखांना गोपनीयतेचं कारण लावता येत नाही.

जुनी चर्चा हवी असेल तर दोन्ही सभागृहांची कार्यवाही आणि प्रश्नोत्तरं संसदेच्या आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळांवर शोधता येतात. विधिमंडळाच्या ग्रंथालयात जायचं असेल तर आमदारांचं पत्र सोबत घ्या आणि अधिवेशनाचं साल, ठिकाण, दिवस आणि प्रश्न क्रमांक चिठ्ठीवर लिहून न्या. नुसतं ‘२६/११ बद्दलचं काहीही द्या’ म्हणालात तर शोधणाऱ्याचाही दिवस जातो आणि तुमचाही. नौकांच्या त्या जोडपत्राची प्रत मी अशीच काढून आणली आणि काकांच्या घरी नेऊन दिली. चष्मा लावून त्यांनी तासांचा रकाना बोटाने वरून खालपर्यंत मोजला, आणि विचारलं, ‘ताई, पुढचं अधिवेशन कधी आहे?’